खिंडीत बसलेली आई

बसा. खिंड चढून आलात, आधी दम खा. पाणी त्या घागरीत आहे. देऊळ शोधू नका, देऊळ नाही. ही समोरची तीन दगडांची चूल आणि तिच्या कडेला शेंदूर लावलेला हा बिनचेहऱ्याचा दगड, हीच आमची आई. डोक्यावर छप्पर नाही आणि पालखी तर नाहीच. इतर गावांच्या देव्या वर्षातून एकदा मिरवतात, पै-पाहुण्यांना भेटून येतात. आमची बसून असते.

काढ्यासाठी आलात ना? थंडी पडली की सगळे त्यासाठीच येतात. मागच्या मोठ्या साथीत तर लोक प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन आले होते. ह्याने साथ जाते का, ते मला विचारू नका. मी इथला गुरव आहे, डॉक्टर नाही. धाप लागली असेल तर खाली दवाखाना आहे, आधी तिकडे जा. नुसताच घसा धरला असेल तर थांबा. चूल पेटायला वेळ आहे, तोवर सांगतो. सांगून सांगून माझंही तोंड दुखतं, पण विचारलंत तर नाही म्हणता येत नाही.

ह्या अंगाला पिंपळोशी, त्या अंगाला कातळगाव. पिंपळोशीत माती आहे, पाणी आहे, बांधाबांधावर अडुळसा माजलेला. कातळगावात नावाप्रमाणे कातळ. तिथे अडुळशाचं पान औषधालाही मिळायचं नाही, पण कड्याला आग्यामोहोळं लटकलेली, त्यामुळे मधाला तोटा नाही. अडुळसा कडू जहर. मधाशिवाय तो पोराच्या घशाखाली उतरत नाही. म्हणून पूर्वी बाया खिंडीत येऊन पानं देत आणि मध नेत. दोन्ही गावांत सोयरिकी होत्या, कुणाचं काही अडत नव्हतं.

मग एका हिवाळ्यात साथ आली असं सांगतात. आधी पडसं, मग ताप, मग खोकला, आणि शेवटी माणूस बसल्याजागी धापा टाकायचा. घरोघरी जे ठाऊक होतं ते सगळं झालं. ओव्याच्या पुरचुंडीने शेकून झालं, निर्गुडीचा वाफारा झाला, छातीला लसणाचं तेल चोळून झालं. काही उठले, काही नाही उठले. तेव्हा पिंपळोशीच्या जाणत्यांनी जुनी रीत काढली. साथ म्हणजे देवीचा कोप. तिला लाकडी गाड्यात बसवायचं, लिंबू-नारळ-बांगड्या वाहायच्या आणि गाडा ओढत नेऊन दुसऱ्याच्या शिवेत सोडून यायचा. मागे वळून बघायचं नाही.

गाडा कातळगावच्या शिवेत सोडला. कातळगावकर काय हातावर हात ठेवून बसणार होते? त्यांनी तोच गाडा उलटा ओढून आमच्या शिवेत आणला. आम्ही परत नेला, त्यांनी परत आणला. सारा गाव खांद्याला खांदा लावून ओढायचा, एकमेकांच्या तोंडावर खोकायचा, घामाने भिजून थंडीत घरी यायचा आणि दुसऱ्या दिवशी अंथरूण धरायचा. साथ वाढली की म्हणायचे, गाडा पुरेसा लांब गेला नाही. पुढे पुढे तर खिंडीत काट्यांचं कुंपण घातलं आणि दोन्ही बाजूंनी राखण बसली. पान नाही, मध नाही, माणूसही नाही. गाडा तेवढा कुंपणाशी नेऊन सोडायचा, पलीकडचे तो परत लोटायचे.

पिंपळोशीत हौसा नावाची बाई होती. माहेर कातळगाव. तिची एकुलती एक मुलगी मंजुळा तेव्हा आजोळी गेली होती, आणि कुंपण पडलं तेव्हा ती तिकडेच अडकली. एके दिवशी पलीकडून कुणीतरी हाळी दिली की मंजुळा खोकतेय, अंगात ताप आहे. हौसा कुंपणाकडे धावली, राखणदारांनी परत पाठवली. घरी आली तर तिचा नवरा राणोजी डोक्याला फडकं बांधून निघालेला. गाडा ओढायची त्याची पाळी होती.

"आपल्याच लेकीच्या दारात साथ न्हेऊन टाकतायसा व्हय?" तिने विचारलं.

"गावाचं काम हाय," तो म्हणाला आणि खोकत खोकत गेला.

त्या माणसाला तरी काय बोलायचं? तो दमला होता. सगळेच दमले होते. दमलेला माणूस आदल्या दिवशी जे केलं तेच दुसऱ्या दिवशी करतो.

हौसाने ओटीत अडुळसा भरला. आलं, मिरी, तुळशीच्या मंजिऱ्या घेतल्या, डोक्यावर हंडा घेतला आणि गाड्याच्या मागून खिंडीत आली. राखणदारांसकट सगळी माणसं गाडा सोडून पाठमोरी झाली, आणि रीतीप्रमाणे वळून बघायचं नाही म्हणून कुणी बघितलं नाही. तिने देवीचा दगड उचलून खाली ठेवला. मग धोंडा घेतला आणि गाडा फोडला. चाकं, दांडी, फळ्या, सगळ्याची लाकडं केली आणि चूल पेटवली.

धूर दिसल्यावर दोन्हीकडून माणसं धावत आली. आता देवी कुणाला ठेवत नाही, असा आरडाओरडा झाला. हौसा हंडा ढवळत राहिली. म्हणाली, "आईला रोज वर-खाली ओढून दमवलीत. ती कुठं जाईल? बसू द्या तिला जरा."

तिला कुणी हात लावला नाही. देवीच्या भीतीने म्हणा, की हात उचलायचं त्राणच नव्हतं म्हणून म्हणा. माणसं चुलीभोवती लांब लांब बसली. कुणीतरी रडायला लागलं म्हणे.

तेवढ्यात पलीकडून तिचा भाऊ बाळोजी आला. राखणीची काठी त्याच्या हातात होती. कुंपणाशी येऊन तो नुसता उभा राहिला.

"दादा, लाकडं सरत आली, ती काठी दे," हौसा म्हणाली. "आन् मध आण. मंजुळेला लोटाभर न्हे."

बाळोजीने काठी चुलीत घातली, कुंपण बाजूला सारलं आणि मध आणायला कातळ उतरला.

त्या दिवसापासून साथ सरेपर्यंत चूल विझली नाही. पानं इकडून, मध तिकडून. मध उकळत्या हंड्यात घालायचा नाही, काढा निवल्यावर घालायचा, हे तिनेच लावून दिलेलं. गाडाच राहिला नव्हता, त्यामुळे कुणी ओढायला जमलं नाही. घरटी एकच माणूस खिंडीत यायचा आणि काढा घेऊन जायचा. राणोजीही तोच काढा पिऊन उठला. रोज पहिला लोटा हौसा भावाच्या हातात द्यायची आणि विचारायची, "पोर कशी हाय?" तो म्हणायचा, "हाय बरी." लोटा घेऊन उतरायचा आणि संध्याकाळी परत आणून द्यायचा.

हळूहळू खोकला ओसरला. एका सकाळी काढा न्यायला कुणीच आलं नाही. फक्त बाळोजी आला. हौसाने पहिला लोटा भरला, पण त्याच्या हातात दिला नाही. स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"दादा, माझ्या पोरीचा वाटा कोण पीत हुतं?"

बाळोजीने मग खरं सांगितलं. ज्या दिवशी चूल पेटली त्या पहाटेच मंजुळा गेली होती. तेच सांगायला तो वर आला होता. इथे येऊन बघतो तर बहीण जाळ घालतेय. त्याची जीभ उचलली नाही.

"तुला कवा कळलं?" त्याने विचारलं.

"पैल्याच दिशी. कडू औषध माझी पोर तळापतुर कधी प्याली न्हाई. किती रागं भरा, थोडं ठिवायचीच. लोटा रिकामा आला, तवाच कळलं."

"मग रोज का इचारत हुतीस?"

"तू खाली न्हेत ऱ्हावास म्हणून."

हौसाने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग तिने पुन्हा विचारलं, "प्यालं कोण?"

"शेजारची. पांडबाची धाकटी."

"जगली?"

"खेळतीया."

हौसाने तो लोटा भावाच्या हातात दिला. म्हणाली, "मग न्हे तिला. मी पडते आता." आणि चुलीच्या उबेला, देवीच्या शेजारी आडवी झाली. काही म्हणतात ती तिथेच गेली. काही म्हणतात भरपूर झोपून उठली आणि पुढे म्हातारी होईपर्यंत जगली. मला दुसरं खरं वाटतं. निदान वाटावं असं वाटतं.

तेव्हापासून ही आई इथून हलवलेली नाही. आजही मार्गशीर्षात चूल पेटली की पानं पिंपळोशीची आणि मध कातळगावचा. पहिला लोटा मंजुळेच्या नावाने भरतात, आणि तो स्वतःच्या पोराला कुणी देत नाही. आमचा लोटा त्यांच्या पोराला, त्यांचा आमच्या पोराला. पोरं तोंडं वाकडी करतात, घोट घोट पितात आणि तळाशी थोडा काढा ठेवून पळतात. त्या दिवशी त्यांना कुणी रागावत नाही.