कॅमेऱ्यासमोर फोडलेला नारळ

"...मग सगळं काढूनच टाकू का, बुवा?"

विचारणारा अमोघ जगदाळे. वडिलांच्या मागं बांधकामाचा धंदा हाती आला आणि वर्षभरात पठ्ठ्यानं सगळा कारभार मोबाईलवर आणला. हजेरी, सिमेंट, नकाशे... साईटवर चारी बाजूंनी कॅमेरे. काम सुधारलंही, उगाच खोटं कशाला बोला.

ज्यांना विचारलं ते गंभीरबुवा. एके काळचे धरणं बांधणारे इंजिनिअर. आता भोरच्या वरच्या अंगाला, डोंगरावर दोन खोल्यांच्या मठीत एकटेच राहतात. तिकडे सहसा कुणी फिरकत नाही.

"काढायचं कशाला? चांगलं आहे की," बुवा म्हणाले.

"येसूमामा काम सोडून चाललेत."

येसूमामा म्हणजे वडिलांच्या वेळचे मुकादम. अमोघला 'अमू' म्हणणारं आता तेवढंच एक माणूस उरलं होतं.

"काय झालं?"

"काही नाही. परवा स्लॅब होता."

"नारळ कुणी फोडला?"

स्लॅबच्या दिवशी मालकानं साईटवर नारळ फोडायचा आणि काम उरकलं की मजुरांच्या पंगतीला बसायचं, अशी रीत.

"मीच फोडला... ऑफिसात. कॅमेऱ्यासमोर. साईटवर मोठ्या पडद्यावर दाखवला सगळ्यांना."

"आणि खोबरं?"

"...ऑफिसच्या शिपायानं खाल्लं."

हसण्यासारखं होतं खरं. बुवा हसले नाहीत.

"दुसऱ्या दिवशी मामांनी ॲपवरच राजीनामा टाकला. कारण काही लिहिलं नाही. मी साईटवर गेलो की माणसं गप्प होतात, बुवा. कोण कुठं आहे, काय करतोय, मला सगळं दिसतं. पण दिवस दिवस माझ्याशी कुणी बोलत नाही. फार एकटं वाटतं हो..."

बुवा उठले. आतल्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं.

जरा वेळानं अमोघचा फोन वाजला. बुवांचाच.

"हं, बोल."

"अहो, मी इथं बाहेरच बसलोय!"

"ठाऊक आहे. खिडकीतून दिसतोयस. बाही उसवलीय तुझी."

"चेष्टा करताय?"

"नाही रे. बोल, ऐकतोय."

अमोघ बोलू लागला. मामांनी लहानपणी हात धरून भिंतीला ओळंबा सोडायला शिकवला ते सांगितलं. वडील गेले त्या रात्री मामा अंगणात बसून राहिले होते, ते सांगायला गेला आणि अडखळला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"असं नाही बोलता येत, बुवा! नुसतं दिसून काय उपयोग?"

त्यानं फोन बंद केला.

अमोघ उठून दारापाशी गेला. दार ढकलायला हात मात्र उठला नाही. डोळे भरून आले होते.

"काल मामांच्या घरी गेलो होतो," तो दाराकडे बघत म्हणाला. "दार लोटलेलं होतं. हाक मारायचा धीर झाला नाही, तसाच परत फिरलो. आता तुम्हीही दार लावून घेतलंत?"

"लावलंय कुठं? नुसतं लोटलंय. या दाराला आतून कडीच नाही."