लिंबापुढे अडलेली गाडी

ओवी घसरगुंडीला घाबरते ती आपल्याच ‘जपून, जपून’मुळे का, या विचारानं मृण्मयीला झोप लागली नव्हती. सकाळी तिनं लेकीला गोष्ट रचून सांगितली.

“गाड्या बोलायला लागल्या, त्या काळातली गोष्ट. विजेवरची एक आलिशान गाडी होती. तीन सेकंदांत शंभरचा वेग, पाठ चेपणाऱ्या सीट, शिवाय धोका ओळखणारे सगळे ऑप्शन. पूजा करून चाकाखाली लिंबू ठेवलं, तशी ती ‘धोका, धोका’ करत अडून बसली.

लिंबू म्हणालं, ‘अगं बाई, तू निघावंस म्हणूनच मला ठेवलंय.’

‘पण काही झालं तर?’

‘झालं तर माझं होईल. तू नीघ.’”

गाडी निघाली की नाही, हे मृण्मयीचं अजून ठरत नव्हतं, तोच ओवीनं विचारलं, “आई, गाडीला ‘धोका, धोका’ तिच्या आईनं शिकवलं का?”