तीन दिवसांनी येणारं उत्तर

ही गोष्ट फार फार जुनी. इतकी, की ज्याच्यावर ती गुदरली त्या प्रमुखालाही म्हातारपणी तिचा क्रम नीट आठवेना. आधी संशय आला की आधी राग, हेच तो स्वतःला विचारत बसे. पण घडलं ते असं.

समुद्राकाठच्या एका देशानं आपल्या राजाला हाकलून दिलं आणि लोकांतलाच एक प्रमुख निवडला. त्याला सारे प्रेमानं 'थोरले' म्हणत. थोरले थकून घरी गेले, तेव्हा लोकांनी एका विद्वान पण धास्तावलेल्या माणसाला त्यांच्या जागी बसवलं. नवा प्रमुख म्हणाला, "मंत्री जुनेच राहू देत. बदलले तर थोरल्यांचा अपमान केला म्हणतील."

मंत्री तीन होते. एक सैन्याचा, एक परराज्यांचा, एक खजिन्याचा. प्रमुख प्रश्न लिहून पाठवी. उत्तरं तीन दिवसांनी येत.

"हो की नाही, एवढंच विचारता ना?" बायको म्हणाली. "मग तीन दिवस कशाला लागतात हो?"

"विचार करत असतील."

"तिघांचाही एकाच दिवशी पिकतो वाटतं!"

त्या वर्षी शेजारच्या देशाशी युद्ध पेटायच्या बेतात होतं. प्रमुखाला ते टाळायचं होतं. त्यानं विचारलं, 'तहासाठी दूत पाठवू का?' तिन्ही उत्तरांत एकच वाक्य आलं, शब्दाला शब्द: 'आधी हात जोडतो तो आधीच हरलेला असतो.' हे बोलणं दीड दिवसाच्या वाटेवर राहणाऱ्या एका माजी सेनापतीचं होतं. युद्ध झालं की सैन्य पुन्हा त्याच्याच हाती जाणार होतं.

प्रमुखानं तिघांना समोर उभं केलं.

"सेनापतींना विचारलं, यात चुकलं काय?" सैन्यमंत्री ताडकन म्हणाला.

"तुम्ही थोरल्यांच्या पासंगालाही पुरणार नाही," परराज्यांच्या मंत्र्यानं तोंडावर सुनावलं.

खजिनदाराचे डोळे भरून आले. "चुकलो, महाराज." राजा गेल्यापासून त्या देशात कुणालाच महाराज म्हणत नसत. तरी प्रमुखाला बरं वाटलं.

त्यानं दोघांना काढलं, खजिनदाराला ठेवलं.

"भांडला तो फितूर, हे कोणत्या पोथीत वाचलंत?" बायकोनं विचारलं.

दूत गुपचूप निघाले. कोणत्या दिवशी, कोणत्या वाटेनं, हे त्यानं फक्त खजिनदाराला सांगितलं होतं. गलबत भर समुद्रात जाळलं गेलं. शेजाऱ्यानंच जाळलं अशी हूल उठली आणि युद्ध पेटलं. किनाऱ्यावरची गावं बेचिराख झाली. बातमी त्या दोघांनीच फोडली असं धरून प्रमुखानं त्यांना तुरुंगात टाकलं. सैन्यमंत्री तिथंच मेला. लोकांनी प्रमुखाला उतरवलं आणि खजिनदाराला निवडलं.

पुष्कळ वर्षांनी सेनापती वारला. त्याच्या पेटीतली पत्रं म्हाताऱ्या प्रमुखानं मागवली आणि एकेक करून वाचली. गलबताचा दिवस आणि वाट कळवणारं पत्र खजिनदाराच्या अक्षरात होतं. पदावरून काढल्यानंतर त्या दोघांनी सेनापतीला एक ओळही लिहिली नव्हती.

तोंडावर विरोध करणाऱ्याला जो शत्रू समजतो, तो खऱ्या शत्रूलाच जवळ बसवतो.