कुंपणापलीकडची झाडं

१४ सप्टेंबर १९८९. आभाळ भरलेलं, पाऊस नाही, उकाडा फार.

गोदाबाई रणखांबेच्या नवऱ्याचं गांजाचं सरकारी परवान्याचं दुकान होतं. कायदा बदलला, दुकान गेलं. आज तिच्या परसात, अबकारी कचेरीच्या कुंपणाशी, गांजाची चार झाडं सापडली. पंच म्हणून पुन्हा मलाच बोलावलं.

“लागवड केलीस, म्हातारे. आत जाशील,” निरीक्षक म्हणाले.

“साहेब, जप्तीचा गांजा तुम्ही तुमच्या आवारात वाळवता, बी तिथंच सांडतं. माझी झाडं गुडघ्याएवढी, तुमची डोक्याएवढी. ज्यानं आधी पेरलं त्याला आधी न्या. मी येते मागून, हळूहळू.”

निरीक्षकांनी कुंपणापलीकडं पाहिलं.

पंचनाम्यात ‘आपोआप उगवलेली’ असं लिहिलं. तिची चार आणि कचेरीची एकोणीस झाडं जाळली. गुन्हा नोंदवला नाही.