रुंजीची गाठ

चंद्रीने सकाळपासून पाण्यालाही तोंड लावलं नव्हतं. तिचं पोट डाव्या बाजूला टम्म फुगलं होतं आणि एरवी सदा रवंथ करणारं तोंड गप्प मिटलं होतं. चंद्री ही रुंजीची गाय. घरात आठ वर्षांची रुंजी, तिची आई आणि चंद्री, एवढीच माणसं. हो, चंद्रीला माणसांतच धरायचं, नाहीतर रुंजी तुमच्याशी बोलणार नाही. चंद्रीच्या दुधावर दोघींची चूल पेटत होती.

दुपारी गुरांचे डॉक्टर येऊन गेले. पोट चाचपून म्हणाले, आत प्लॅस्टिकची पिशवी अडकली आहे. उद्या सकाळी सामान घेऊन येतो, पण तोवर गाय निभावेल की नाही, सांगता येत नाही. आई चंद्रीची मान मांडीवर घेऊन बसली. रुंजीला मात्र बसवेना. ती दारात गेली, आत आली, बादली उचलली, परत ठेवली. शेवटी आईच म्हणाली, "जा बाय, जरा भायेर फिरून ये. तुझ्या येरझाऱ्या बघून तिला आणखी धाप लागंल."

नदीकाठी करंजाची राई होती. पानांतून उन्हाचे सोनेरी ठिपके खाली सांडत, निळी-जांभळी फुलपाखरं भिरभिरत, आणि या सगळ्याच्या मधोमध पिशव्यांचा एक ढीग होता. तो रुंजीनेच रचलेला. गल्लीतल्या पाच घरांचं निर्माल्य, म्हणजे देवाला वाहिलेली कालची फुलं, नदीवर पोचवायचं काम तिचं. गाईसाठी काढलेली पोळीही त्याच घरांतून मिळायची, ती रुंजी येणाऱ्याजाणाऱ्या गाईंसाठी कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर ठेवायची. फुलं पिशवीत, पोळी पिशवीत, आणि वर रुंजीची गाठ. त्या गाठीचा तिला भारी अभिमान. पाच फेऱ्यांची, अशी घट्ट की फूल सांडणार नाही आणि पोळीला मुंगी लागणार नाही.

आज ढिगातली एक पिशवी हलत होती. उंदीर असेल म्हणून रुंजी मागे सरकली. तेवढ्यात आतून बारीकशी शिंक आली आणि मग "अगं बाई गं" असा इवलासा आवाज. उंदीर शिंकत असतीलही, पण अगं बाई म्हणत नाहीत. रुंजीने वाकून गाठ सोडली.

कोमेजलेल्या शेवंतीतून एक चिमुकली परी बाहेर पडली. करंगळीएवढी. पिवळाधमक झगा चुरगळलेला, पंखांवर परागाची चमचम, केसांत हळदीकुंकवाचे कण. ती पानावर बसली, उडाली, रुंजीच्या वेणीवर बसली, पुन्हा उडाली. तीन दिवस कोंडलेल्या कुणालाही असंच होईल. मी शेवंतीत झोपले होते, ती म्हणाली, जाग आली तेव्हा फूल देवापुढे होतं, आणि पुन्हा डोळा लागून उघडला तेव्हा पिशवीत.

"तू मला सोडवलंस, म्हणून तुला दोन इच्छा देते," परी म्हणाली. "पण नियम ऐक. एकदा मागितलेली इच्छा परत घेता येत नाही. जिथे गाठ असते तिथे माझी जादू थांबते. आणि ती गाठ ज्याने मारली, त्यालाच ती सुटते."

रुंजीचे कान तापले. ती गाठ सुटली होती तिच्या हातून. म्हणजे परीला कोंडलं होतं तिनेच. तिला इतकी लाज वाटली की मान वर होईना. फुलं सांडू नयेत म्हणून मारली होती, ती पुटपुटली. परी रागावली नाही, फक्त पंख झटकत राहिली. रुंजीने मग घाईघाईने पहिली इच्छा मागितली: चंद्री बरी होऊ दे.

दोघी घराकडे पळाल्या. परीने हात फिरवताच चंद्रीच्या अंगावरून रुपेरी, गुलाबी, मोरपंखी ठिणग्या झुळझुळत गेल्या, आणि डाव्या कुशीपाशी येऊन विझल्या.

"आत गाठ आहे," परी हळूच म्हणाली. "पाच फेऱ्यांची."

रुंजीला सगळं कळलं. चरून येताना कट्ट्यावरची पोळी चंद्रीने पिशवीसकट गिळली होती. मुंगी लागू नये म्हणून मारलेली गाठ चंद्रीच्या पोटात जाऊन बसली होती. रुंजीला रडू फुटलं, आणि रडता रडता रागही आला. त्या रागात तिने दुसरी इच्छा मागून टाकली. "गावातली पिशवी न् पिशवी नाहीशी होऊ दे."

परी म्हणत होती, थांब, नीट विचार कर. पण शब्द सुटला होता.

आता तुम्हीच सांगा, आपण पिशवी कशाकशाला म्हणतो? रुंजीच्या मनात होती हातात धरायची पिशवी. पण दुधाचीही पिशवी असते आणि तेलाचीही. गल्लीत एकच कालवा झाला. दूध ओट्यावरून ओघळलं, साखर जमिनीवर पसरली, मिठाचा ढीग, डाळीचा ढीग, आणि इंदूकाकूंच्या स्वयंपाकघरात तर पाच पिशव्या तेल. काकू घसरून तेलात बसल्या होत्या आणि दाराआड टांगलेली पिशव्यांची पिशवी कुठे गेली म्हणून ओरडत होत्या. गाठ मारलेल्या पिशव्या तेवढ्या जागच्या जागी होत्या. चंद्रीच्या पोटातलीसुद्धा.

"माझ्याकडच्या इच्छा संपल्या," परी म्हणाली. "पण तू गाठ मारायचं कारणच राहिलं नाही, तर जुनी गाठही सैल होईल. पाच घरं आहेत, पाच फेरे आहेत. एका घराने पिशवी सोडली की एक फेरा सुटेल. सूर्य बुडायच्या आत कर, त्यापुढे चंद्री तग धरणार नाही."

सूर्य नदीपलीकडच्या बाभळींवर टेकायला आला होता. रुंजीने आईची बांबूची टोपली उचलली आणि धावत सुटली.

पहिल्या घरी तिने खरं ते सगळं सांगितलं. दूध सांडलं ते माझ्यामुळे, पण चंद्री मरते आहे, उद्यापासून फुलं आणि पोळी पिशवीत देऊ नका, मी टोपली आणि डबा घेऊन येईन. म्हातारे बाबा साखर भरत होते, ते म्हणाले, बरं बाई. दुसऱ्या घरच्या सुनेने आधी दोन शब्द सुनावले, मग फडताळातून जुनी दुधाची किटली काढली आणि आपणच हसली. तिसऱ्या घरी जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवायचं ठरलं. चौथ्या घरच्यांनी नुसतीच मान डोलावली, पण मनापासून. दर घराला गोठ्याच्या दिशेने एक बारीक चमक दिसायची आणि रुंजी आणखी जोरात पळायची. सूर्य अर्धा बुडाला होता.

पाचवं घर इंदूकाकूंचं. काकू तेल पुसत होत्या. रुंजीने आपला गुन्हा सांगितला, तेव्हा त्यांनी फडकं बादलीत आपटलं.

"पाच किलो तेल गेलं माझं, आणि तू मला शिकवतेस? रोज न चुकता गाईला पोळी देते मी. पुण्याचं काम आहे ते. ओलं-सुकं पिशवीत नाही घालायचं तर कशात घालायचं?"

रुंजीला पळून जावंसं वाटत होतं. ती उभी राहिली. "काकू, परवा तुम्ही दिलेली गूळ-पोळी चंद्रीनंच खाल्ली असंल. तुमच्या पोळीत काय बी वाईट न्हवतं. पिशवी माझ्या गाठीची व्हती. तिला सोडवा, काकू."

इंदूकाकूंना ती पोळी आठवली, तिच्यावर सोडलेली तुपाची धारही. त्या इतक्या कावऱ्याबावऱ्या झाल्या की तेलाचे हातही न पुसता त्यांनी ओट्यावरच्या डब्यातली पोळी उचलली आणि रुंजीच्या पुढे धावत सुटल्या.

गोठ्यात आई चंद्रीला नावाने हाका मारत होती. चंद्रीचे डोळे मिटत चालले होते. काकू तिच्यापुढे बसल्या, पोळी तळहातावर धरली आणि म्हणाल्या, "चंद्रे, चुकलं माझं. यापुढे हातानंच भरवीन."

बाभळींमागे सूर्याची नुसती कड उरली होती. कुठेतरी खूप आत, टिक्‌ असा आवाज झाला. गाठ सुटली, आणि सुटल्याबरोबर ती पिशवीही गावातल्या बाकीच्या पिशव्यांसारखी नाहीशी झाली. अडलेली पहिली इच्छा मग वाट मिळाल्यासारखी धावली. रुपेरी, गुलाबी, मोरपंखी ठिणग्या चंद्रीच्या कुशीवरून शेपटीपर्यंत नाचत गेल्या आणि फुगलेलं पोट हळूहळू खाली बसलं. आई रडायला लागली. रुंजीही.

परी चंद्रीला बांधायच्या खुंट्यावर क्षणभर बसली, पहिल्यांदाच शांत. रुंजी तिला काही म्हणणार, तोच तिचा पिवळा झगा उजळत गेला, गोठाभर शेवंतीच्या रंगाचा उजेड पसरला आणि त्यातच ती विरून गेली.

चंद्रीने मान उचलली. तिने काकूंच्या हातावरची पोळी खाल्ली आणि मग तेलकट तळहात सावकाश, स्वच्छ चाटून काढला.