विहिरीवरचा फळा

खूप जुनी गोष्ट आहे, बाळांनो. मोठ्यांनीही ऐकावी, खरं तर त्यांनीच ऐकावी.

एका अफाट नगरात राजाच्या एकशे चाळीस पाठशाळा होत्या. पोरं वर्षानुवर्षं तिथे जात आणि कोरीच परत येत. मग राजाने नवा प्रधान नेमला. माणूस भला होता, पण उतावळा.

त्याने दवंडी पिटवली, "वर्षाअखेर प्रत्येक मुलाकडून एक पाठ वाचून घेऊ. न्याय सगळ्यांना सारखा, म्हणून पाठही सगळ्यांना एकच, तो आजच शाळाशाळांत वाटला आहे. सगळी मुलं वाचतील त्या शाळेवर निशाण लावू. एकही अडलं, तर शाळेला कुलूप!"

पाठ आधीच हाती आल्यावर पंतोजींनी काय केलं असेल? बरोबर. अक्षरं ठेवली बाजूला आणि पाठ घोकून घेतला. पोरं ओळीवर बोट फिरवत म्हणू लागली, "आमचे नगर सुंदर आहे. आमच्या विहिरीचे पाणी गोड आहे."

कुंभारवाड्यातल्या म्हाताऱ्या पंतोजीला मात्र हे जमेना. त्याच्याकडे भागी नावाची कुंभाराची पोर होती. ती एकेक अक्षर लावून वाचायची. परीक्षेत दुसऱ्याच ओळीला अडली.

"प्रधानजी, निम्मी अक्षरं आलीत तिला," पंतोजीने हात जोडले. "सहा महिने द्या. खरंखुरं वाचेल."

"शेजारच्या शाळेत सगळी घडाघडा वाचतात. तुमचंच घोडं कुठे अडलं?" असं म्हणून प्रधानाने कुलूप घातलं.

भागी शेजारच्या शाळेत गेली. आठ दिवसांत पाठ तोंडपाठ झाला. "शाबास, आलं वाचायला!" नवे पंतोजी म्हणाले. आईने आळीभर गूळ वाटला. अक्षरं पुन्हा कुणी विचारली नाहीत. हळूहळू ती पुसली गेली.

पुढच्या उन्हाळ्यात साथ आली. कुंभारवाड्याच्या विहिरीचं पाणी वैद्यांनी दूषित ठरवलं. प्रधानाने विहिरीवर फळा लावला. दवंडी पिटली नाही. नगर आता वाचतं झालं होतं ना!

बायका घागरी घेऊन फळ्यापाशी थबकल्या. आई कौतुकाने म्हणाली, "भागे, वाच गं, काय लिवलंय?"

भागीला एकही अक्षर ओळखू येईना. पण सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या, आणि वाचणं म्हणजे काय ते तिला शाळेने शिकवलं होतं. तिने ओळीवर बोट ठेवलं आणि न अडखळता म्हटलं, "आमच्या विहिरीचे पाणी गोड आहे."

घागरी भरल्या. तिसऱ्या दिवशी आई गेली. आळीतली आणखी अकरा माणसं गेली.

म्हातारा पंतोजी धावत आला आणि त्याने फळा मोठ्याने वाचला. भागी ऐकत राहिली.

"पंतोजी, मग मला वाचता येत नव्हतं?"

"येत होतं, बाळ. थोडं थोडं येत होतं," म्हाताऱ्याला रडू आवरेना. "तेवढंही आम्ही राखलं नाही."

कुंभारवाड्याच्या शाळेचं कुलूप तसंच राहिलं. शेजारच्या शाळेवर निशाण फडकत होतं.

तात्पर्य: ज्याला येत नाही त्याला 'येतं' म्हणून मिरवणारा त्याचं शिकणंच हिरावून घेतो.