हरण्याची अदब

नांदखेडचे जहागीरदार शिदोजीराव यांचा आपल्या हरण्या बैलावर फार जीव होता. म्हणून ते त्याला मुदपाकखान्यातले तुपातले लाडू खाऊ घालत. एक दिवस बैलाचं पोट फुगलं आणि रवंथ थांबला. "सरकार, लाडू बंद करा," असं म्हणणाऱ्या गुराख्याला त्यांनी कैदेत टाकलं आणि गुरांवर औषध करणाऱ्या म्हाळसाबाईला बोलावणं धाडलं.

म्हाळसाबाईने बैलाच्या डाव्या कुशीला कान लावला. आत काहीच हलत नव्हतं. आणखी लाडू खाल्ले तर बैल कुठे जाणार हे तिला कळलं, आणि खरं बोललो तर आपण कुठे जाणार हेही.

"सरकार, हा तुमची अदब राखतोय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बैल खाल्लेलं पुन्हा तोंडात आणून चावतो, तेव्हा त्याला पचतं. पण सरकारांच्या घरचं अन्न पोटातून परत काढायचं म्हणजे केवढा अपमान. म्हणून बिचारा सोसत बसलाय."

शिदोजीरावांना गहिवरून आलं. "मग त्याला द्यावं तरी काय?"

"ज्याचा मान राखावा लागत नाही असं काहीतरी. सुका कडबा द्या."

लाडू बंद झाले. हिंग-ओव्याचा काढा आणि कडबा सुरू झाला. दोन-तीन दिवसांत हरण्या डोळे मिटून सावकाश रवंथ करू लागला. शिदोजीराव बराच वेळ बघत राहिले, मग त्यांना शंका आली.

"बाई, म्हणजे हा आता कडब्याचा अपमान करतोय की."

"करतोय, सरकार. पण कडबा त्यासाठी कुणाला कैदेत टाकत नाही."

गुराखी त्याच संध्याकाळी सुटून घरी आला.